प्रमाणित दगड

बालवर्गातल्या मुलांनी विज्ञान स्वतःच्या हातांनी शोधावे, असा निर्णय शिक्षण कार्यालयाने एका सोमवारी घेतला. तोपर्यंत मुले ते परवानगीशिवाय शोधत होती.

निर्णयाचे परिपत्रक बुधवारी बाईंच्या हातात पडले. बाई एकोणीस वर्षे बालवर्ग चालवत होत्या. दोन खोल्या, पुढे पटांगण, पटांगणाच्या कडेला एक नळ आणि चार ते सहा वयाची एकतीस मुले, एवढा त्यांचा कारभार. मदतीला मावशी होत्या. कागदोपत्री मावशींचा हुद्दा मदतनीसाचा होता. प्रत्यक्षात बाईंनी काय करायचे हे बहुधा त्याच ठरवत.

परिपत्रक वाचून बाई हरखल्या. "मावशी, ऐकलंत का? आता मुलांनी पाण्यात हात घालायचा, वस्तू टाकून बघायच्या. काय बुडतं, काय तरंगतं, ते त्यांचं त्यांनी शोधायचं!"

"मग आपण दर शुक्रवारी काय करतो?" मावशींनी विचारले.

"तेच करतो. पण आता ते अधिकृत झालं."

"मग संपलंच," असे म्हणून मावशी फरशी पुसायला निघून गेल्या.

मावशी म्हणत होत्या ते खरे होते. दर शुक्रवारी नळाखाली एक पोचे आलेले घमेले भरले जाई आणि मुले खिशांत साठवलेला आठवडाभराचा ऐवज बाहेर काढत. दगड, पाने, बुचे, बटणे, कधी कोणाची तरी चप्पल. एकदा बाईंचे मनगटी घड्याळही त्यात गेले. घड्याळ बुडते, आणि बुडाल्यावर थांबते, असे दोन शोध वर्गाने त्या दिवशी एकमताने लावले होते.

या उद्योगात सर्वांत पुढे असे ती भिंगरी. हजेरीपटावर तिचे चांगले चार अक्षरी नाव होते, पण एका जागी ती कधी न सापडल्यामुळे ते नाव हाक मारायच्या कामी आलेच नाही. वय वर्षे पाच. उजवी बाही कायम कोपरापर्यंत ओली. वडील प्लंबर असल्यामुळे पाणी हा विषय घराण्यातूनच आला असावा, असे बाईंचे मत होते.

परिपत्रकासोबत एक तक्ता भरून पाठवायचा होता. 'आपल्याकडे प्रत्यक्षानुभवासाठी कोणते साहित्य उपलब्ध आहे?' या प्रश्नापुढे बाईंनी सरळ मनाने लिहिले: 'घमेले, पाणी आणि मुलांना सापडेल ते.'

आठ दिवसांनी उत्तर आले. घमेले हे बांधकामाचे साहित्य असून शैक्षणिक वापरासाठी अनुज्ञेय नाही, तरी ते ताबडतोब वापरातून काढून तसा अहवाल पाठवावा. 'मुलांना सापडेल ते' या साहित्याची नोंद कोणत्याही यादीत आढळून येत नाही. पाण्याबाबत स्वतंत्रपणे कळविण्यात येईल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे बाईंना कळले, पण तोवर तक्ता पोहोचला होता. घमेले वापरातून काढायला तीन सह्या लागल्या. ज्या माणसाने ते नेले, त्याने जाताना त्यात आपला डबा आणि छत्री ठेवली.

त्यानंतर दहा दिवसांनी 'प्रत्यक्षानुभव साहित्यपेटी' आली. चांगली मोठी, निळी, चारी बाजूंनी पट्ट्या मारलेली. झाकणावर ठळक अक्षरांत सूचना होती: 'मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा.' त्याखाली बारीक अक्षरांत लिहिले होते की पेटीचे सील पर्यवेक्षकांच्या समक्षच फोडावे.

पर्यवेक्षकसाहेब यायला तीन आठवडे लागले. या तीन आठवड्यांत शुक्रवारचा तास बुडवता येणार नव्हता, कारण त्याची नोंदवही दर शनिवारी तपासली जात होती. म्हणून मुले बंद पेटीभोवती हाताची घडी घालून गोल बसत. बाई वहीत लिहीत, 'बालकांनी पेटीचे निरीक्षण केले.' पहिल्या शुक्रवारी भिंगरीने विचारले, "आत काय आहे?" बाईंनी तेही लिहिले, कारण वहीत 'व्यक्त झालेली जिज्ञासा' असा एक रकाना होता. दुसऱ्या शुक्रवारीही भिंगरीने तेच विचारले. तिसऱ्या शुक्रवारी तिने काही विचारले नाही. ती खिडकीतून नळाकडे बघत होती.

चौथ्या शुक्रवारी साहेब आले. त्यांच्या खिशाला दोन पेने होती, एक लिहायला आणि एक सहीला. त्यांनी सील तपासले, फोडले, फोडल्याचे कागदावर घेतले आणि आतली एकेक वस्तू टेबलावर मांडली. एक पारदर्शक भांडे, त्याला कागदावर 'जलपात्र' म्हटले होते. एक पान, एक बूच, एक किल्ली. आणि एक दगड.

बाईंनी दगड उचलला. त्याचे वजन हाताला लागलेच नाही. करडा रंग, गोल कडा, पोटात पोकळ; आणि खालच्या बाजूला सुबक अक्षरांत कोरले होते: दगड.

"हा प्लास्टिकचा आहे, साहेब."

"सगळंच प्लास्टिकचं आहे," साहेब अभिमानाने म्हणाले. "लहान मुलांचा प्रश्न आहे, बाई. खरा दगड पायावर पडला तर? कोणाच्या डोक्यात घातला तर? याला टोक नाही, वजन नाही, तोंडात घातला तरी काही होत नाही. दगडातलं जे जे वाईट, ते काढून टाकलंय."

"पण मग तो बुडेल का?"

"दगड आहे तो. बुडणार नाही तर काय करील?"

जलपात्र भरले. एकतीस मुले दाटीवाटीने भोवती जमली. बाईंनी दगड भिंगरीच्या हाती दिला आणि तिने तो पाण्यात सोडला. दगड तरंगला. त्याच्या शेजारी बूच तरंगले, पान तरंगले आणि थोडी डुलत किल्लीही तरंगली.

"तरंगतोय!" मुले ओरडली.

साहेबांनी हातातला 'अपेक्षित शोध' हा तक्ता पाहिला. तिथे 'दगड – बुडतो' असे स्वच्छ छापलेले होते. त्यांनी पुन्हा पाण्याकडे पाहिले, पुन्हा तक्त्याकडे. दोन्हींत फरक पडला नाही.

"परत करा," ते म्हणाले.

परत केले. दगड परत तरंगला. साहेबांनी पेन टेबलावर ठेवले, बाही वर केली आणि एका बोटाने दगड तळाशी दाबला.

"हे बघा, बुडाला."

त्यांनी बोट काढले. दगड टुणकन वर आला आणि साहेबांच्या चष्म्यावर चार थेंब उडाले. मुलांना हा खेळ फार आवडला. सगळ्यांना साहेबांसारखे करून बघायचे होते.

"दाबून धरला तर बुडतो, असं लिहू का?" बाईंनी विचारले.

साहेबांनी थोडा विचार केला. "लिहा. फक्त हाताचा उल्लेख नको."

बाईंनी तसे लिहिले नाही. एकोणीस वर्षांत त्यांनी मुलांना पुष्कळ गोष्टी चुकीच्या शिकवल्या असतील, पण त्या चुकीच्या आहेत हे ठाऊक असताना शिकवल्या नव्हत्या. त्यांनी कार्यालयाला पत्र धाडले, की पेटीतला दगड पोकळ असल्यामुळे तरंगतो, तरी खऱ्या दगडाची परवानगी मिळावी.

कार्यालयाने या पत्राची गंभीर दखल घेतली. पेटी तज्ज्ञांच्या समितीने तपासलेली होती, त्यामुळे तिच्यात दोष असणे शक्य नव्हते. उरले पाणी. पुढच्या आठवड्यात दोन माणसे येऊन बाटलीत पाणी घेऊन गेली. पाणी निर्दोष असल्याचा दाखला आला. मग उरली पाहणारी मुले. एक पथक अक्षरांचा तक्ता घेऊन आले. मुलांना अजून अक्षरे येत नसल्यामुळे त्यांना चित्रांचा तक्ता दाखवला. एकतीसच्या एकतीस मुलांची नजर उत्तम निघाली. जाता जाता पथकाने सौजन्य म्हणून साहेबांचेही डोळे तपासले. त्यांचा नंबर वाढला होता.

पेटी बरोबर, पाणी बरोबर, डोळे बरोबर. एवढे सिद्ध झाल्यावर कार्यालयापुढे एकच मार्ग राहिला आणि तो कार्यालयाने धैर्याने स्वीकारला. सुधारित तक्ता आला. त्यात छापले होते: 'दगड – तरंगतो.'

"आता तर झालं ना तुमच्या मनासारखं?" साहेबांनी फोनवर विचारले. "मुलांना जे दिसतं तेच तक्त्यात आलं. शंभर टक्के बालकेंद्री."

बाईंनी सुधारित तक्ता पुन्हा वाचला. मुलांना जे दिसत होते तेच तक्त्यात होते, हे खरेच होते.

त्यानंतर शुक्रवारचे तास सुरळीत पार पडू लागले. मुले रांगेत येत, दगड पाण्यात सोडत, 'तरंगतो' म्हणत आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहत. शोध लावायला प्रत्येकाला साधारण वीस सेकंद लागत. असाच एकदा एक मुलगा पुढे आला आणि दगड हातात घेण्याआधी मान वर करून म्हणाला, "बाई, काय दिसायला पाहिजे?"

त्याने हे अगदी शहाण्यासारखे विचारले. बाईंच्या हातातले पेन तसेच राहिले. मागून मावशी म्हणाल्या, "बरोबर विचारतोय की. आधीच विचारून घेतलेलं बरं."

साहेब पुढच्या तपासणीला आले त्या दिवशी घोटाळा झाला. सगळे छान चालले होते. भिंगरीची पाळी आली. तिने प्रमाणित दगड उचलला, पाण्यात सोडला आणि तो तरंगताना नीट पाहिला. मग तिने खिशात हात घातला, लिंबाएवढा एक खडबडीत दगड काढला आणि तोही पाण्यात सोडला.

डुबुक!

जलपात्राच्या तळावर टक्कन आवाज झाला. एकतीस मुलांनी माना पुढे केल्या.

"बाई, हा बुडाला," भिंगरी म्हणाली.

साहेब हळूच खाली वाकले.

"हा दगड कोणाचा?"

"माझा."

"कुठून आणलास?"

भिंगरीने खिडकीतून पटांगणाकडे बोट केले.

"यावर दगड असं लिहिलंय का?"

भिंगरीने पाण्यात हात घातला, दगड काढला आणि चारी बाजूंनी फिरवून प्रामाणिकपणे पाहिला. "नाही," ती म्हणाली. "पण तो आहे."

सदर दगड जप्त करण्यात आला. तो कोरड्या कागदात गुंडाळला, त्यावर लाख लावली आणि पंचनाम्यावर मावशींचा अंगठा मागितला. मावशींनी सही केली. "शिकलेय मी," त्या म्हणाल्या. "दगड नाही मी. म्हणजे, तुमचाही नाही आणि हिचाही नाही."

बाईंना नोटीस आली. बालवर्गाच्या आवारात अप्रमाणित दगड आढळून आला असून, असे आणखी किती दगड आवारात आहेत, ते कधीपासून आहेत व ते कोणाच्या परवानगीने पडून आहेत, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. न केल्यास बालवर्गाच्या मान्यतेचा फेरविचार करण्यात येईल.

मान्यता हा शब्द बाईंनी दोनदा वाचला. मान्यता गेली तर या वस्तीतल्या एकतीस मुलांना जायला दुसरी जागा नव्हती. त्यांचा हात आता खऱ्याच दगडाखाली सापडला होता. मावशी पटांगणात बसून दगड मोजू लागल्या. दोनशे चौदापर्यंत आल्या की कोणीतरी मूल येऊन भूक लागल्याचे सांगे, आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होई. शेवटी त्यांनी 'पुष्कळ' असा आकडा दिला.

कार्यालयाने उदारपणे तो मान्य केला आणि पटांगणाला काँक्रीट करायचे ठरले. काम आठ दिवस चालले. गाड्या भरभरून खडी आली तेव्हा भिंगरी नाचतच बाहेर पळाली. बाईंनी साहेबांना विचारले, की खडी म्हणजे दगडच ना. त्यावर त्यांनी समजावले, की खडी हे बांधकामाचे साहित्य आहे आणि तिच्याबाबत कार्यालयाची काही तक्रार नाही. आठव्या दिवशी पटांगण पाटीसारखे सपाट झाले. नळाखालचा चिखल गेला, चिखलातले गांडूळ गेले. मुले कडेला उभी राहून त्या सपाटीकडे बघत होती. त्यावर काय करायचे असते ते त्यांना समजत नव्हते.

वर्ष संपत आले. निकालपत्रकात तीस मुलांपुढे 'शोध लागला' अशी नोंद झाली. भिंगरीपुढे लिहिले होते: 'शोध प्रलंबित.' कारण तोंडी परीक्षेत साहेबांनी "दगड बुडतो की तरंगतो?" असे विचारल्यावर तिने "कुठला?" असे विचारले होते. तक्त्यात 'बुडतो' आणि 'तरंगतो' अशा दोनच चौकटी होत्या. 'कुठला' अशी चौकट नव्हती.

"एका मुलीपायी शंभर टक्के हुकतायत," साहेब म्हणाले. "आणि शोध प्रलंबित असलेलं मूल पहिलीत घेता येत नाही. तिच्या वडिलांना बोलावून घ्या."

वडील कामावरूनच आले. खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारा पाना, हातांना गंज. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर ते गुडघे छातीशी घेऊन बसले. बाईंना वाटले, हा माणूस आपल्याला समजून घेईल. आयुष्य पाण्यात गेलेय याचे.

त्यांनी पहिल्यापासून सगळे सांगितले. घमेले सांगितले, पेटी सांगितली, पोकळ दगड सांगितला. "तुमची मुलगी चुकली नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "वर्गात खरं बघणारी ती एकटीच आहे."

वडिलांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"बाई, दगड बुडतो हे मला माहीत आहे हो," ते म्हणाले. "टाकीत पडलेले दगड मी रोज काढतो. पण पेपरात काय लिहायचं ते सांगा ना."

"पेपरात तरंगतो आहे."

"मग तरंगतो शिकवा. तुम्ही एकाच पोरीला दोन-दोन दगड कशाला शिकवता? माझं आयुष्य गेलं पाने फिरवण्यात. तिनं खुर्चीवर बसावं असं वाटतं मला. पहिलीतच अडकली तर काय करायचंय त्या खऱ्या दगडाचं? डोक्यात घालायचाय?"

माणूस वाईट नव्हता. तो बोलत होता त्यात चूक दाखवायला जागा नव्हती, आणि त्याचीच बाईंना भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंगरीला जवळ घेऊन बसवले. समोर तक्ता होता.

"हे बघ, राणी, साहेबांनी विचारलं, तर दगड तरंगतो म्हणायचं. एकदाच."

"कुठला?"

"त्यांचा."

"त्यांचा तरंगतो," भिंगरीने लगेच कबूल केले. "आणि माझा बुडतो."

"तुझं नाही सांगायचं."

भिंगरीने मान वर केली. "बाई, तुम्ही बघितलात ना? बुडाला ना तो?"

"बघितला."

"मग?"

एकोणीस वर्षांत मुलांनी बाईंना हजारो प्रश्न विचारले होते. आकाश कुठे संपते, मुंग्या झोपतात का, बाई तुम्ही लहानपणी कोण होतात. प्रत्येकाला त्यांनी काहीतरी उत्तर दिले होते. 'मग' या प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर नव्हते. त्यांनी भिंगरीच्या मुठीत पेन्सिल दिली, वरून आपल्या हाताने ती मूठ धरली आणि 'तरंगतो'च्या चौकटीत खूण केली. खूण थोडी वाकडी आली, कारण त्यातला एक हात दुसरीकडे जाऊ बघत होता.

शंभर टक्के झाले.

शंभर टक्के शोध लागलेला हा पहिलाच बालवर्ग असल्यामुळे कार्यालयाने सोहळा करायचे ठरवले. नव्या काँक्रीटवर मांडव घातला. पालक नटून-थटून आले. वरचे दोन अधिकारी आले, साहेब नवा चष्मा लावून आले. पाहुण्यांसाठी पुढच्या टेबलावर फळांची ताटे मांडली होती. एकात कापलेल्या फोडींशेजारी अख्खे कलिंगड दिमाखात बसले होते, दुसऱ्यात द्राक्षांचे घोस होते. मुले दोन रांगांत उभी होती आणि त्यांचे हात, सोहळा संपेपर्यंत स्वच्छ राहावेत म्हणून, मागे बांधायला सांगितले होते.

भाषणे झाली. मुलांच्या हाताला काम दिल्यास केवढी क्रांती होते हे प्रत्येकाने सांगितले. मग मोठ्या अधिकाऱ्यांनी जाहीर केले, की बाईंच्या कामगिरीचा गौरव म्हणून त्यांची नेमणूक कार्यालयात 'प्रत्यक्षानुभव प्रशिक्षक' या पदावर करण्यात येत आहे. तिथे त्यांना स्वतंत्र टेबल मिळेल. मुलांशी त्यांचा संबंध येणार नाही.

टाळ्या झाल्या. मावशींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांच्या हातात ट्रे होता.

"दोन शब्द बोला, बाई," साहेब म्हणाले.

बाई उभ्या राहिल्या. रात्रीच त्यांनी आभाराचा कागद लिहून ठेवला होता. त्यांनी तो काढला, उघडला आणि समोर पाहिले. पहिल्या रांगेत भिंगरी उभी होती, हात मागे, नजर फळांच्या ताटांवर. तिची उजवी बाही कोरडी होती. बाईंनी ती बाही एवढी कोरडी कधीच पाहिली नव्हती.

त्यांनी कागदाची घडी केली.

"मला एकच विचारायचंय," त्या म्हणाल्या. "पालकांना विचारते, साहेबांना विचारते. हे कलिंगड आणि हे द्राक्ष. दोन्ही पाण्यात टाकली, तर कोण बुडेल आणि कोण तरंगेल?"

मांडवात कुजबुज सुरू झाली. वरच्या अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. साहेबांनी तक्ता उलटसुलट करून पाहिला. त्यात फळे नव्हती.

"हे यंदाच्या अभ्यासक्रमात आहे का?" एका आईने विचारले.

"जड असेल ते बुडेल, सरळ आहे," एक आजोबा म्हणाले.

"असं सरळ असतं तर त्यांनी विचारलं असतं का? यात काहीतरी मेख आहे," शेजारचे म्हणाले.

"बाई, बरोबर उत्तर काय ते सांगून टाका ना," प्लंबर हात वर करून म्हणाले. "मुलांना लिहून देतो आम्ही. उगाच पुढच्या वर्षी पंचाईत नको."

तोवर बहुतेकांनी फोन बाहेर काढले होते. साहेबांनी उभे राहून शांततेचे आवाहन केले आणि सांगितले, की हा विषय नाजूक असल्याने वरच्या कार्यालयाचे मार्गदर्शन मागवण्यात येईल. ते येईपर्यंत कोणीही स्वतःच्या जबाबदारीवर निष्कर्ष काढू नये. मांडवात सव्वाशे माणसे होती. दोन्ही फळे टेबलावर होती आणि नळ वीस पावलांवर होता. जागचे कोणी हलले नाही.

या गोंधळात रांगेतून एक हात सुटून पुढे आला. त्याने घोसातले एक द्राक्ष तोडले. आणखी एका हाताने, तो मोठ्या माणसाचा होता आणि त्यात बांगड्या होत्या, कलिंगड उचलून कडेवर घेतले. मावशी आणि भिंगरी मांडवाच्या मागून नळाकडे गेल्या. तिथे फरशी पुसायची बादली भरलेली होती. बाईंनी स्टेजवरून ते पाहिले आणि पुन्हा खाली बसल्या. त्यांना एकाएकी फार बरे वाटले, आणि लगेच फार वाईट वाटले, कारण सोमवारपासून त्यांना स्वतंत्र टेबलावर बसायचे होते.

थोड्या वेळाने भिंगरी परत आली. तिचे डोळे चमकत होते आणि बाहीतून पाणी ठिबकत होते. मावशी मागून हसत येत होत्या. भिंगरी वडिलांसमोर येऊन उभी राहिली. वडील फोनमध्ये डोके घालून बसले होते. "थांब गं, उत्तर शोधतोय," ते म्हणाले. मग ती साहेबांसमोर उभी राहिली. साहेब मार्गदर्शन मागवण्याचा मसुदा सांगत होते. तिने जरा वाट पाहिली. कोणी काही विचारले नाही, तेव्हा ती पुन्हा नळाकडे पळाली.

बाई सोमवारी कार्यालयात रुजू झाल्या. मार्गदर्शन अजून आलेले नाही.

वाचकहो, एव्हाना आपणही या सगळ्यांना पुरेसे हसला असाल. आपल्याही घरी पाणी आहे, आणि एखादे द्राक्ष मिळायला काही अवघड नाही. तरीही बादलीत काय झाले ते इथे लिहिलेले असेल, अशा आशेने आपण इथपर्यंत वाचत आला आहात.

लिहिलेले नाही.